बुजवायचा राहिलेला हात

फ्रेस्नो, ९ ऑक्टोबर १९८६

प्रिय नीनो,

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा आई जास्त. मी अजून शाळेची बस चालवते. बाप्तिस्म्यात तुम्ही मला हातांवर घेतलंत, माझे नीनो, म्हणजे धर्मपिता झालात, म्हणून तुम्हाला आणि चेलोमावशींना वर्षातून एकदा नाताळचं कार्ड पाठवते. आज ऑक्टोबरातच लिहायला बसले, कारण काल जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल जत्रेला गेले होते. कणसं भाजतात त्याच्या मागे एक तंबू होता आणि बाहेर पाटी: 'टीव्हीवरची गाडी. हात लावून बघा.' आत तुमचा रातबगळा उभा होता, तुमच्याच दुकानात बनलेली ती गाडी. तीच लांब चोच, मागे तेच दोन पंख, अंगभर तीच काळी मखमल. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला अशाच एकाच्या सीटवर बसवलं होतंत आणि मी भोंगा वाजवून अख्खं दुकान डोक्यावर घेतलं होतं. त्या मालिकेतला मुखवटेवाला आता कुणाला आठवत नाही. गाडी सगळ्यांना आठवते.

वीस वर्षं पोरांनी कुरवाळून मखमल झिजली आहे. डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डावर तर पार टक्कल पडलंय. मी तिथे हात ठेवला. नीनो, तिथे आधीच एक हात होता.

डोळ्यांना नीट दिसत नाही. बोटांना कळतो. ओल्या भिंतीला कुणी टेकावं तसा उथळ खळगा, पाच बोटांचा. माझी बोटं त्यात बसली. फक्त करंगळीशेजारचं बोट बाहेर उरलं, कारण तिथला खळगा एका पेराने आखूड आहे. बाबांच्या डाव्या हाताचं ते पेर तुमच्याच दुकानातल्या पत्रा कापायच्या कात्रीत गेलं होतं. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मागची बाई म्हणाली, "अहो, गाडीशी लग्न लागलंय का? आम्हालाही लावू द्या की हात."

आईला सांगितलेलं नाही. आमच्या घरात बाबांचं नाव निघत नाही. थडग्यावरच्या दगडावरही फक्त 'झाझुएता' एवढंच आहे. मी कधी विषय काढला तर आई म्हणते, "स्वतःच्याच हातच्या कच्च्या कामाने मेला तो. आणखी काय कोरू त्याच्यावर?"

बाबा ज्या गाडीत गेले ती जळाली. मग या गाडीत त्यांचा हात कसा?

तुमची,
ओफेलिया

*

सन व्हॅली, २१ ऑक्टोबर १९८६

लाडके ओफेलिया,

चेलोने तुझं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं, कारण चष्मा सापडत नव्हता. तिसऱ्यांदा वाचताना तो माझ्या कपाळावर सापडला. तुझा नीनो एवढा म्हातारा झालाय.

तू ओळखलंस ते बरोबर आहे. तो रूबेनचाच हात. भुताटकी काही नाही, आमच्या दुकानाची रीत होती. एक गाडी एकाच माणसाने उभी करायची, कापण्यापासून घासण्यापर्यंत. शेवटी पत्र्यावरचे खड्डे भरायला लांबी लावतात ना, त्या लांबीचा अखेरचा थर ओला असताना त्याने त्यात आपला हात उमटवायचा. चित्रकार सही करतो, तसं. हात असेल त्याची ती गाडी. दुकान माझं, पाटीवर नाव माझं, 'एउसेबियो आर्बायो', पण पत्र्यात हात त्यांचा. रूबेनला तर त्या थराचा नादच होता. लांबी वाळताना तापते. डिसेंबरच्या थंडीत तो तिच्यावर हात शेकायचा आणि ओरडायचा, "चेवो, गाडीला ताप आलाय! डॉक्टर बोलव!"

त्या मालिकेचे दिवस तुला काय सांगू! स्टुडिओचा एक बारीक मिशीवाला रोज यायचा. आज म्हणे चोच लांब करा, उद्या म्हणे शेपटीतून धूर काढा. रूबेन त्याला म्हणाला, "साहेब, धूर आमच्या डोक्यातून निघतोय, तोच वापरा."

तेव्हा ती गाडी तुझ्या बापाने उभी केलेली असणार. अभिमान बाळग. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस, उगाच जुनी जखम उकरली जाईल. दगडावर काही कोरायचं असेल तर माझ्या ओळखीचा चांगला कारागीर आहे.

तुझा नीनो,
चेवो

*

फ्रेस्नो, ६ नोव्हेंबर १९८६

प्रिय नीनो,

तुमचं पत्र वाचून मी रडले आणि हसलेही. 'गाडीला ताप आलाय' हे मला माहीतच नव्हतं. घरी आम्हाला बाबांचा एकही विनोद ठेवलेला नाही.

म्हणून जत्रेच्या शेवटच्या दिवशीची गोष्ट आता तुम्हाला लिहायला हवी. तेव्हा मी पुन्हा तंबूत गेले होते. गाडी गावोगाव नेणारा माणूस लॉनी टगल, व्हिसेलियाचा. चांगला आहे, बोलतो फार. मी कोण ते सांगितल्यावर त्याने टोपी काढली आणि ड्रायव्हरकडचं दार उघडून आत खिळवलेली पितळी पट्टी दाखवली. तुमच्या दुकानाचं नाव, 'क्रमांक पाच', आणि तारीख: एप्रिल १९६७.

बाबा ११ नोव्हेंबर १९६६ ला गेले.

मी म्हटलं, पट्टी चुकली असेल. टगल म्हणाला, चौथ्या क्रमांकाची गाडी मोडेस्टोत एका फर्निचरच्या दुकानात ठेवली आहे, बघून या. गेल्या रविवारी गेले. तिथे मखमल अजून शाबूत आहे, म्हणून डोळे मिटून चाचपावं लागलं. तोच हात. तेच आखूड बोट. अंगठ्याच्या बुडाशी तीच आडवी चीर. दोन वेळा उमटवलेले दोन हात इतके सारखे नसतात. आणि त्या पट्टीवर मार्च १९६७.

मेलेला माणूस गाड्या बनवत होता का, नीनो?

तुम्ही नको म्हटलं होतंत तरी मी आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. घासतच राहिली. मग पाठमोरीच म्हणाली की अपघातानंतर विम्याचा एक माणूस या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. त्याच्याकडे एक फोटो होता. गाडी जळाली, पण डावं मडगार्ड उडून उतारावर पडलं होतं, तेवढं वाचलं. त्याने विचारलं, "बाई, हा हात तुमच्या नवऱ्याचा?" आई म्हणाली, "हो." तो म्हणाला, "मग गाडी त्यानेच बनवलेली. तुटलेला जोडही त्याचाच." दोष नवऱ्याचाच, असं लिहिलेला कागद त्याने पुढे केला आणि आईने सही केली.

आई म्हणते, "मी हात ओळखला, एवढंच केलं."

बाबा जिच्यात गेले, ती तिसरी गाडी कुणी बनवली होती?

ओफेलिया

*

फ्रेस्नो, १४ जानेवारी १९८७

नीनो,

दोन महिने झाले. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा चेलोमावशी म्हणाल्या, तुम्ही आंघोळीला गेलाय. इतका स्वच्छ माणूस अख्ख्या लॉस एंजेलिसमध्ये नसेल.

टगलचा फोन आला होता. वसंतातल्या जत्रा सुरू होण्याआधी तो गाडी घासून, खळगे बुजवून नवी मखमल चढवणार आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस त्या हातावरून पॉलिश पेपर फिरेल. मग माझ्याकडे दाखवायला काही उरणार नाही.

हल्ली आई जेवताना मध्येच थांबते आणि आपल्या उजव्या हाताकडे बघते. सही केली तो हात.

मला एका ओळीचं उत्तर पुरे आहे. नाव लिहा.

ओफेलिया

*

सन व्हॅली, २१ जानेवारी १९८७

ओफेलिया,

एउसेबियो आर्बायो.

ही तुझी एक ओळ. आता बाकीचं ऐक. फोनवर सांगितलं असतं तर मी खोटं बोललो असतो. तोंडाने खोटं बोलायला मला कष्ट पडत नाहीत, त्यावरच धंदा उभा केला. लिहिताना हात अडतो.

रीत मी तुला अर्धीच सांगितली होती. कामगार हात उमटवतो, आणि रंगाआधी मालक तो हात स्वतः लांबीने बुजवतो. बुजवला की गाडी मालकाची. पुढे काही मोडलं, तुटलं, तर जाब त्याने द्यायचा. ही रीत मीच घातली होती. दुकानात पहिल्यांदा दोनाचे चार कामगार झाले तेव्हा छाती फुगवून घातली होती.

पहिली गाडी रूबेनची. पत्र्याची, एकट्याने उभी केलेली. हात उमटवला त्याच दिवशी मिशीवाला आला: जत्रांसाठी, दुकानांच्या उद्घाटनांसाठी आणखी चार गाड्या हव्यात, फायबरच्या, लगेच. आम्ही त्याच संध्याकाळी तिच्यावरून साचा काढला. साचा निघाल्यावर मी पहिल्या गाडीतला हात बुजवला. साच्यातला राहिला. मला दिसला होता. म्हटलं, वरून मखमल चढणार आहे, कुणाला कळतंय. तेव्हापासून त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक गाडीत रूबेनचा हात आहे. त्याने शिवलेल्याही आणि न शिवलेल्याही.

तिसऱ्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मी वाढवली. मध्ये कापून, तुकडा घालून, जोड मारला. माझा कान तुला माहीत आहे. इंजिन बंद व्हायच्या आधी आठ दिवस मला ऐकू येतं, असं लोक म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. जोड पक्का असला की हातोडीखाली घंटेसारखा बोलतो. मी हातोडी मारली. तो बोलला नाही. पिठाच्या पोत्यावर मारावी तसा आवाज आला.

बाहेर मिशीवाला घड्याळ बघत होता. बेकर्सफील्डला एका बाजाराचं उद्घाटन होतं, गाडी आपल्या चाकांवर चालत आली पाहिजे म्हणे, लोकांना दिसली पाहिजे. रूबेन चावी घ्यायला आला. त्याने विचारलं, "जोड वाजवून बघितलास?"

"बघितला."

"काय म्हणतो?"

मी म्हणालो, "छान बोलतो."

तो घाटाचा रस्ता उतरताना काय झालं ते तुला माहीत आहे.

विम्याचा माणूस आमच्याकडेही आला. कुणा कामगाराने त्याला रीत सांगितली होती, अर्धीच. त्याने तुटलेलं मडगार्ड पुढे ठेवलं आणि विचारलं, हे कुणाचं काम? मी तोंडाने काही बोललो नाही. त्या हातावर बोट ठेवलं. बस, एवढंच. वीस वर्षं स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही.

साचा अजून दुकानामागच्या शेडमध्ये आहे. साच्यात सगळं उलटं असतं. तिथे तो हात आत गेलेला नाही, वर आलेला आहे. मी ताडपत्री टाकली आहे, पण त्या जागी ती थोडी उचललेली राहते. नवी टाकली, तीही तशीच. चेलो म्हणते, वारा. त्या शेडला खिडकी नाही.

आणि आवाज. बाजारात पूर्वी मी कलिंगड वाजवून घ्यायचो, लोक माझ्याकडून निवडून घ्यायचे. आता वाजवत नाही. काहीही वाजवलं, दार, टेबल, पिंप, की तोच आवाज येतो. पिठाचं पोतं. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या शवपेटीवर सगळ्यांनी हात ठेवला. मी ठेवला नाही.

हेच सगळं टाइप करून, वकिलासमोर सही केलेला कागद सोबत आहे. पाद्र्याला, दगड कोरणाऱ्याला, ज्याला दाखवायचा त्याला दाखव.

स्वतःला तुझा नीनो म्हणावं की नाही ते कळत नाही.

चेवो

*

फ्रेस्नो, ३ फेब्रुवारी १९८७

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, ते मलाही कळत नाही. सवयीने नीनोच येतं.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती टेबलावर घेवड्याचे दाणे निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "ते परत वाच." मी विचारलं, कुठलं? "तो विचारतो आणि हा सांगतो, ते." मी वाचलं. "परत." चार वेळा वाचलं. मग तिने निवडलेले आणि खडे, सगळं एकत्र केलं आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं.

झोपायला जाताना म्हणाली, "वीस वर्षं मी त्याच्याशी भांडतेय. आणि तो बिचारा ऐकतोय."

तिचा निरोप जसाच्या तसा देते, 'माझ्या मुलीचे धर्मपिता' अशा मानाच्या 'कोम्पाद्रे' या हाकेसकट: "कोम्पाद्रेंना कळव. रविवार, १५ तारीख. व्हिसेलियाला त्या टगलच्या शेडमध्ये. लांबी घेऊन या म्हणावं. राहिलेलं काम करा."

आता माझं ऐका. मला तो हात बुजवायला नको आहे. रीत काय ती तुमची असेल. मी सात वर्षांची होते. बाबांचा चेहरा मला फोटोतून आठवतो, आवाज तर आठवतच नाही. सगळ्या जगात तेवढी एकच जागा आहे जिथे माझा हात त्यांच्या हातात जातो. आईला हे सांगितलं, ती म्हणाली, "तुला तो धरून ठेवायचाय. त्याला सुटू दे." आम्ही तीन दिवस बोललो नाही.

तरीही तिला घेऊन येईन. जिने सही केली तिचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे.

ओफेलिया

*

सन व्हॅली, १८ फेब्रुवारी १९८७

लाडके ओफेलिया,

तू त्या खळग्यात शेवटचा हात ठेवलास आणि मग आईने तुला बाहेर पाठवलं. टगलही तुझ्यामागे गेला. दार लोटल्यावर आत काय झालं ते तुझी आई एर्लिंदा तुला कधी सांगणार नाही, म्हणून लिहितो.

ती खुर्ची ओढून मडगार्डासमोर बसली. मी लांबी काढली, हार्डनर घातला, पत्र्याच्या तुकड्यावर कालवली. लांबी पसरायचा पट्टा घाईने उचलला. ती म्हणाली, "सावकाश करा, कोम्पाद्रे. या वेळेला बाहेर कुणी घड्याळ बघत नाही."

मी पहिला थर लावला. आधी अंगठा भरला, मग तळवा. बोटं एकेक करून. आखूड बोटापाशी माझा पट्टा थांबला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "कात्रीत बोट गेलं त्या दिवशी हा हसत होता. म्हणाला, बरं झालं, आता हातमोजे स्वस्तात मिळतील." ती हसली. खरंच हसली, तोंडावर रुमाल घेऊन. मग बराच वेळ रुमाल खाली आला नाही.

हात बुजला. मडगार्ड सपाट झालं. मी पट्टा पुसायला घेतला तर ती म्हणाली, "झालं?"

म्हटलं, "झालं. आता गाडी माझी."

"नाही झालं. ज्याचं काम त्याने हात उमटवायचा, अशी तुमची रीत ना? मग उमटवा."

आणि ओफेलिया, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आलो. तुझा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून, तो मान कधी मोडला नाही. ती म्हणाली, "चेवो, हात ठेव. तुझा."

मी ठेवला. डावा, जिथे त्याचा होता तिथेच. ती उठली. जाताना म्हणाली, "दगडावर त्याचं पूर्ण नाव कोरून घेईन. रूबेन झाझुएता, पत्रेकारागीर. ते बघायला तू येऊ नकोस." मी होय म्हटलं. ती दारातून बाहेर तुझ्याकडे आली, तिथून पुढचं तू पाहिलंस.

टगलने कबूल केलं आहे, त्या जागेवर मखमल चढवणार नाही. पोरांनी हात लावावा. विचारलं तर माझं नाव सांगावं, कशासाठी तेही सांगावं. साचा काल मी घणाने फोडला, यापुढे त्यातून कुणी निघणार नाही. आणि मोडेस्टोच्या गाडीला मी हात लावणार नाही. मी जिवंत असेपर्यंत कुणाला लावू देणार नाही. ती तुझी. तो कुठे आहे ते तुला माहीत आहे.

आता एकच सांगायचं राहिलं. एर्लिंदा गेल्यावर मी हात काढायला हवा होता. काढला नाही. लांबी धरायला लागली होती. आधी गार होती, मग कोमट झाली, मग तापायला लागली. ते मी हजार वेळा बघितलंय, त्यात नवल काही नाही. पण ती ऊब पसरून येत नव्हती. आधी अंगठ्याखाली आली, मग तळव्याला. मग बोटांना. करंगळीशेजारच्या माझ्या बोटाला निम्मीच आली. शेवटचं पेर गारच राहिलं. तीन दिवस झाले, अजून गार आहे.

चेलो विचारते, काय झालंय त्या बोटाला? तिला काय सांगू? गाडीला ताप आला होता, आणि या वेळेला डॉक्टर म्हणून मलाच बोलावलं होतं.

चेवो